गुरुजींच्या नावाच्या गोळ्या

‘ठीक हाय’ असं उत्तर देणाऱ्या मास्तराला आमचे गुरुजी बाकावर उभं करायचे. मिशा असलेला, बायकापोरं असलेला मास्तर, आणि पहिलीतल्या पोरासारखा बाकावर उभा. गुरुजी आमच्या केंद्र शाळेचे हेडमास्तर, आणि दर महिन्याला तिथं मास्तरांचं गट संमेलन भरायचं. आजूबाजूच्या जंगलातल्या गावांतून मास्तर सायकली रेटत यायचे. बहुतेकांच्या शाळा एकशिक्षकी, म्हणजे हेडमास्तर तोच, घंटा वाजवणारा तोच आणि झाडू मारणाराही तोच. बाकीच्या केंद्रांत आधी परिपत्रकं वाचत. गुरुजी आधी एकेकाला विचारायचे, “कसा हायेस?”

“ठीक हाय गुरुजी.”

“चढ बाकावर.”

“काऊन जी?”

“ठीक असता त दाढी केली असती. उभा राह्य, आठव, मंग सांग.”

बाकीचे हसायचे. पण त्यांची पाळी आली की कोणी ‘ठीक हाय’ म्हणत नसे. एक म्हणे, गावात मराठी बोलणारं कोणी नाही, पोरं गोंडी बोलतात, मी दिवसभर मुका. दुसरा म्हणे, रात्री दार वाजल्यासारखं वाटते, उघडलं की कोणी नाही. गुरुजी ऐकून घेत, सल्ला देत नसत. मधेच म्हणत, “मंग?” एवढंच. त्या ‘मंग’वर मास्तर लोक तासभर बोलत. परिपत्रकं राहून जात, ती मग गुरुजी जेवताना वाचून दाखवत.

जेवण माझ्याकडं असे, म्हणून मला हे सगळं माहीत. मी चौथी शिकलेली. नवरा लवकर वारला. शाळेच्या मागं माझं घर होतं, मास्तरांना जेवू घालून मी दिवस काढले. आमचं घर बौद्धाचं. सुरुवातीला काही मास्तर माझ्या हातचं खात नव्हते. गुरुजींनी त्यांना काही समजावलं नाही. संमेलनाचं जेवण माझ्याकडंच ठेवलं, आणि जे आले नाहीत त्यांना उपाशी सायकल चालवू दिली. दोन-तीन महिन्यांत सगळे ताटावर आले. गुरुजी मला मावशी म्हणत. वयानं ते माझ्याहून मोठे होते. मी एकदा टोकलं तर म्हणाले, “तुमचं तोंड मावशीचं हाय, मी काय करू?”

ते अंगानं आडवे होते, चालताना धाप लागायची. तरी सायकल काढून न सांगता एखाद्या आतल्या गावी जात. तिथल्या मास्तराला म्हणत, “तू झोप. पोट्टे मी पाहतो.” मास्तर दिवसभर झोपे आणि गुरुजी चारही वर्ग शिकवत. गावकऱ्यांना वाटे शाळातपासणी चालली आहे. संध्याकाळी मास्तराला उठवून, चहा पाजून ते परत येत. सायबाला शाळा दिसते, मास्तर दिसत नाही, असं ते नेहमी म्हणायचे. हे त्यांनी एका सायबाच्या तोंडावरही म्हटलं. सायबाला वाटलं मास्तर शाळेत हजर नसतात अशी तक्रार आहे.

शाळेत एक अडगळीची खोली होती. मोडकी बाकं, फाटके नकाशे. गुरुजींनी तिथं एक बाज टाकली. ज्या मास्तराला फारच जड होई त्याला ते चार-आठ दिवस तिथं ठेवून घेत. खा, झोप, रड, भिंतीवर डोकं आपट, विचारणारं कोणी नाही. शाळा सुटली की गुरुजी जाऊन शेजारी बसत. आत काय बोलणं होई ते बाहेर येत नसे. मी ताट घेऊन गेले तरी दाराशीच ठेवायचे.

आणि रजेच्या अर्जात ते मास्तरांना पोटदुखी लिहायला लावायचे. “पोट लिही. पोटाले कोणी हासत नाई,” म्हणायचे. “अंगात ताप असला त रजा भेटते. मनात असला त बदली भेटते, तेही आनखी आतल्या गावाची.” असं करता करता आमच्या केंद्रातल्या अर्ध्या मास्तरांची पोटं कागदावर खराब झाली. शेवटी पंचायत समितीनं माणसं पाठवली. त्यांनी सगळ्या विहिरींत पावडर टाकली. आठवडाभर आमच्या वरणाला तोच वास. मी गुरुजींना म्हटलं, “तुमच्या पोटदुखीनं आता खरंच पोटं दुखतील.” ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आता हसण्यासारखं संपलं.

एका संमेलनाला एक नवी शिक्षिका आली. ब्रह्मपुरीकडची, वय वीस-एकवीस, हाडं मोजावीत अशी. पहिलीच नेमणूक, आणि ती पार जंगलातल्या गावी. नोकरी कायम झालेली नव्हती. लग्न जमलेलं होतं. चपला उलट्या पायांत घालून आली होती. गुरुजींनी विचारलं, “कशी हायेस बेटा?” तर म्हणाली, “गुरुजी, पोट्टे पहाटेच येऊन बसतात. पाढे म्हणतात. मी शाळा उघडते त कोणीच नसते.”

कोणी हसलं नाही. गुरुजींनी तिला बाकावर उभं केलं नाही.

तिला खोलीत ठेवता येत नव्हतं, बाईमाणूस म्हणून माझ्या घरी ठेवलं. अर्जात पोटदुखी. गुरुजी रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसत. ती बोले, ते ऐकत. ‘मंग?’ म्हणत. याआधी असे पुष्कळ मास्तर मी पाहिले होते. आठ दिवसांत ते भात मागून घ्यायला लागत, मग मला कळे की गाडी रुळावर आली. ही पोरगी भात चिवडायची. पहाटे उठून माझ्या कोंबड्यांची हजेरी घ्यायची. “‘जी बाई’ म्हणा,” असं कोंबडीला म्हणायची. दुपारी मात्र शहाण्यासारखी भांडी घासू लागायची आणि मला म्हणायची, “मावशी, मी असं करते ते मले समजते. पण थांबवता येत नाई.”

महिना होत आला तेव्हा मी गुरुजींना ओसरीवरच धरलं.

“हे बोलण्यानं जाणारं नाई. नागपूरले न्या.”

“पागलखान्यात?”

“तुम्ही त्याले काही म्हणा. डॉक्टर असते ना तिथी?”

“मावशी, नाव लागलं की जलमभर लागते. नोकरी कच्ची हाय तिची. सोयरीक मोडंल. बाप गावात तोंड दाखवणार नाई.”

“अन् हे असंच चालू राह्यलं त सोयरीक टिकंल काय?”

ते उठून चपला शोधू लागले. मग म्हणाले, “मी हाय ना.” त्यांना स्वतःच्या कानांवर फार भरवसा होता. इतके मास्तर बसून ऐकण्यानं उठले होते, ही का उठत नाही हे त्यांना कळेना. मला वाटतं त्याचा त्यांना थोडा अपमानही वाटत होता.

एके दिवशी पोरगी पहाटे उठून चालत निघाली, तिच्या शाळेकडं. नाल्याला पाणी होतं. पलीकडून धानाच्या रोवणीला येणाऱ्या मजुरांनी तिला धरून आणलं. कमरेपर्यंत भिजलेली. त्या दिवशी गुरुजी शाळेत गेले नाहीत. माझ्या चुलीजवळ येऊन बसले आणि म्हणाले, “मावशी, उद्या नागपूरले चाला.”

“पोरीले तयार करते.”

“पोरीले नाई. आपण दोघं.”

मला आधी समजलंच नाही. गुरुजींनी ठरवलं होतं ते असं. ते स्वतः डॉक्टरसमोर बसणार, पोरीला जे जे होतं ते आपल्याला होतं म्हणून सांगणार, आणि गोळ्या आणून तिला देणार. दवाखान्यात घरचं माणूस सोबत लागतं, म्हणून मी त्यांची बहीण.

“डॉक्टर काय येडा हाय?” मी म्हटलं.

“तो नसंल. मी हाय ना.”

एसटीत बसल्यापासून ते धडा पाठ करावा तसं पुटपुटत होते. झोप येत नाही, भूक नाही, पहाटे पोरांचा आवाज येतो. नागभीडला गाडी थांबली तेव्हा मी भजी घेतली. ते खात नव्हते. म्हणाले, “भूक नाई म्हणायचं हाय ना.” मी म्हटलं, “डॉक्टर नागपुरात हाय, इथी खा.” तेव्हा खाल्ली.

डॉक्टर तरुण होता, चष्मेवाला. गुरुजींनी सगळं नीट सांगितलं. डॉक्टरनं मला विचारलं, “यांचं वागणं बदललंय का? विचित्र वागतात?” मी म्हटलं, “विचित्र वागते, पण बदललं नाई. पहिल्यापासूनच हाय.” गुरुजींनी माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं. डॉक्टर हसला नाही. त्यानं लेखणी खाली ठेवली आणि गुरुजींना विचारलं, “पहिल्यांदा असं कधी झालं होतं?”

हा प्रश्न गुरुजींनी पाठ केला नव्हता. तरी ते बोलायला लागले, आणि ते पोरीचं नव्हतं. त्यांची पहिली शाळा सिरोंचाकडं होती. गावात सगळे तेलुगू बोलणारे, यांना तेलुगूचं अक्षर येत नव्हतं. पावसाळाभर रस्ता बंद. ते फळ्याशी बोलायला लागले. फळ्याला काय झालं ते विचारायचे, फळा काय म्हणतो ते ऐकायचे. घरी परत आले तेव्हा बायकोनं विचारलं, कोणाशी बोलून राह्यले? तेव्हापासून तोंड मिटून बोलायला शिकले. बायको पुढं वारली, तिलाही कधी सांगितलं नाही. “अजूनही पहाटे जाग येते,” ते म्हणाले, “अन् वाटते, आजचा दिवस आपल्याच्यानं उचलत नाई. मंग वाटते, कोणता तरी मास्तर माह्यापेक्षा खराब असंल. मंग सायकल काढतो.”

डॉक्टर म्हणाला, “मग?”

गुरुजी रडले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मी खिडकीतून बाहेर पाहत बसले. काय करणार?

डॉक्टरनं गोळ्या दिल्या. पुष्कळ महिने घ्याव्या लागतील, दर महिन्याला या, मधे सोडू नका, असं बजावलं. परतताना गाडीत मी म्हटलं, “गुरुजी, ह्या गोळ्या तुमच्यासाठीही हायेत.” ते म्हणाले, “माहं सोडा. ते मी डॉक्टरले पटावं म्हणून सांगतलं.” इतकं खोटं बोलताना त्यांना लाज वाटली नाही, म्हणून मी पुढं बोलले नाही.

गोळ्या आडव्या माणसाच्या हिशेबानं दिलेल्या. पोरगी पहिलीच गोळी खाऊन दिवसभर निजली, उठवलं तर उठेना. गुरुजी घामानं ओले झाले. ती उठली, पाणी मागितलं, तेव्हा कुठं ते घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या अडकित्त्यानं गोळीचे दोन तुकडे करून अर्धी द्यायचे. हे शहाणपण नव्हतं. पोरीचं काही बरंवाईट झालं असतं तर? पण झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात पोरीनं भात मागून घेतला. नंतर कोंबड्यांची हजेरी बंद झाली. एकदा पहाटे मी उठले तर ती गाढ झोपलेली, तोंड उघडं टाकून. मी चूल पेटवायला उशीर केला.

गुरुजी दर महिन्याला नागपूरला जात. आधी माझ्यासोबत, मग एकटे. पोरीची नोकरी कायम झाली, लग्न झालं, बदलीही सासरजवळ मिळाली. जाताना ती गुरुजींच्या पाया पडली. गुरुजींनी तिच्याकडून आणि माझ्याकडून एक शब्द घेतला, की हे तिघांच्या पलीकडं जाणार नाही. आम्ही दिला. गोळ्या मात्र अजून चालू होत्या, गुरुजी दर महिन्याला आणून तिच्या शाळेवर पोचवत.

मग पंचायत समितीतल्या एका बाबूनं त्यांना नागपुरात पाहिलं, त्या दवाखान्याच्या रांगेत. बाबू आपल्या सासऱ्याला घेऊन आला होता, पण ते त्यानं सांगितलं नाही. हेडमास्तर पागलखान्यात जातो, एवढंच सांगितलं. गुरुजींनी बाकावर उभं केलेले मास्तर, मोडक्या खोलीतली बाज, सगळं एका दिवसात वेडेपणाचा पुरावा झालं. चौकशीला सायेब आले. गटातले सगळे मास्तर बोलावले. मी चहा घेऊन व्हरांड्यात उभी.

सायेब म्हणाले, “गुरुजींबद्दल कोणाला काही सांगायचं आहे काय?”

या मास्तरांतले किती जण त्या बाजेवर निजले होते ते मला ठाऊक होतं. त्यांची ताटं मीच नेली होती. एकही बोलला नाही. एक जण आपल्या चपलेचा अंगठा पाहत होता. एक जण नुसताच बाहेर पाहत होता.

“गुरुजी, तुम्ही नागपूरला स्वतःसाठी जाता?”

“होय साहेब.”

“गोळ्या घेता?”

“होय साहेब.”

मी गुरुजींच्या तोंडाकडं पाहिलं. मला वाटलं होतं, ते दुखावले असतील. त्यांच्या तोंडावर समाधान होतं. मास्तर गप्प राहिले, कोणाचंच नाव बाहेर आलं नाही, म्हणून समाधान. मला त्या समाधानाचा राग आला, तो अजून गेलेला नाही. मास्तरांवरही मी रागावले, पण कमी. लपवायचं कसं, हे त्यांना ज्यानं शिकवलं होतं त्याच्यासाठीच त्यांनी लपवलं. अर्जात पोट लिहायला शिकवलेला माणूस सायबासमोर मन कसं लिहील?

गुरुजींना सक्तीच्या रजेवर पाठवलं आणि पुढं नोकरीतूनच मोकळं केलं. ते नागभीडला पुतण्याकडं राहायला गेले. बाज माझ्या ओसरीवर आली. नव्या हेडमास्तरांच्या संमेलनात परिपत्रकं आधी वाचू लागले.

वर्ष उलटल्यावर पुतण्या माझ्याकडं आला. चांगला माणूस, तांदळाच्या गिरणीत कामाला. म्हणाला, “मावशी, काका बोलत नाईत. भिंतीकडं तोंड करून पडून राह्यते. आंघोळ नाई, जेवण नाई. नागपूरले नेलं. डॉक्टर म्हणते, ह्या गोळ्या यांनी वरीसभर खाल्ल्या, तरी असं झालं, म्हणजे ह्या गोळ्या यांना लागू नाईत. आता भरती करा म्हणते, विजेचे झटके द्यावे लागतील. मी काय करू?”

मी हात पुसले. त्याला उद्या नागभीडला येते म्हटलं. आधी ब्रह्मपुरीची गाडी धरली. पोरगी तिथल्याच एका शाळेवर होती. अंगानं भरली होती, पोटुशी होती. मला पाहून धावत आली, आणि मी काय म्हणते ते ऐकून दार लावलं.

“मावशी, सासरी कोणालेच माहीत नाई.”

“मले माहीत हाय.”

“तुम्ही शब्द देल्ला होता.”

“देल्ला होता. तो माणूस मरून राह्यला. तुले विचारायले आली, कारण तुह्या जिवाचा भाग हाय त्यात. तू नाई म्हटलं तरी मी सांगणार हाय. पण न विचारता सांगणार नाई.”

ती खाली बसली. रडली नाही. मग म्हणाली, “माहं नाव नका सांगू.” मी म्हटलं, बरं. तिच्यावर माझा राग नाही. तिच्या जागी मी असते तर दारही उघडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला घेऊन नागपूरला गेले, तिथं तोच चष्मेवाला डॉक्टर होता. त्यानं मला ओळखलं. “बहीण ना तुम्ही?” म्हणाला.

“नाई. खानावळवाली. डॉक्टरसायेब, त्या गोळ्यांतली एकही यांनी खाल्ली नाई.”

“मग कोणी खाल्ल्या?”

“जिले लागत होत्या तिनं.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता पोलीस, आता पंचायत समिती. तो म्हणाला, “आणि ती बरी आहे?”

“पोटुशी हाय.”

“बरं,” असं म्हणून त्यानं पूर्वीचीच गोळी लिहिली आणि पुतण्याला सांगितलं, या वेळी तुमच्या हातानं, तुमच्यासमोर गिळायला लावा. पोरीचं नाव विचारलं नाही. तिला काही झालं नाही, तिच्या नोकरीला नाही, घराला नाही. एवढंच सांगायचं होतं. हे पहिल्याच दिवशी त्याच टेबलासमोर त्या पोरीला बसवून सांगता आलं असतं, आणि शेजारच्या खुर्चीवर गुरुजींनी आपलंही सांगितलं असतं. दोघांना दोन पुड्या मिळाल्या असत्या. मला वाईट वाटतं ते याचं. त्या दोघांमधे एकाच माणसाचं नाव खर्ची पडलं, आणि त्याला वाटलं की त्यानं पोरीचं नाव वाचवलं.

गुरुजी बरे झाले. पूर्ण नाही, पण उठून बसू लागले, आंघोळ करू लागले, गिरणीपर्यंत चालत जाऊ लागले. मी नागभीडला गेले तेव्हा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. मला पाहिलं आणि एवढंच विचारलं, “तुम्ही सांगतलं?”

“सांगतलं.”

त्यांनी खुर्ची फिरवली. त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. मी पुढंही जात राहिले, कधी भाजी घेऊन, कधी नुसतीच. ते पाठ करून बसायचे. मी माझं बोलून निघायची. एकदा पुतण्याची बायको मला गाडीपर्यंत पोचवायला आली आणि अडखळत म्हणाली, “मावशी, राग नका मानू. घरी पुष्कळ बोलतात ते. पोट्ट्यांशी बोलतात, गिरणीवरच्या लोकांशी बोलतात. तुम्ही येऊन गेल्या की मात्र आठ-आठ दिवस गप्प होतात.”

मग मी जाणं बंद केलं.